माती, सागवान, बांबू आणि टाइल्स एकाच घरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यात राहते आणि आसपासच्या खेड्यांतल्या घरांची आतली मांडणी करून देते. कोणी जुनं घर पाडून नवीन बांधत असतं, कोणी जुन्या घराला मागून स्लॅबची खोली जोडतं, कोणाला घरकुल मंजूर झालेलं असतं. वेगवेगळ्या पोताचं सामान एका घरात कसं जुळवावं, याबद्दलचे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात, म्हणून ते इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं आपल्याकडचं ऊन, आपल्याकडची माती आणि आपल्याकडे मिळणारं सामान धरून दिली आहेत.

पोत म्हणजे नेमकं काय? रंग चांगला असला की झालं ना?

हात फिरवल्यावर जे कळतं तो पोत. सारवलेली जमीन, वाकळीचे टाके, सुपाची वीण, शहाबादी फरशीवरचे उंचसखल, स्टीलच्या डब्याची गुळगुळी, या सगळ्याला आपापला पोत आहे. तो डोळ्यालाही दिसतो. खडबडीत पृष्ठभागावर बारीक बारीक सावल्या पडतात, गुळगुळीत पृष्ठभाग उजेड परत फेकतो.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही: “ताई, पैसे भरपूर लावले, रंगही महागातला लावला, पण घर दवाखान्यासारखं वाटते.” अशा घरात गेलं की कारण दारातच कळतं. खाली चकचकीत टाइल्स, भिंतीला चमकणारा रंग, कपाटाला चमकणारा सनमायका, वर पीओपी, सोफ्याला रेक्झिन. पाचही वस्तू चांगल्या, पण पाचहींचा पोत एकच. नजर कुठेच थांबत नाही, आवाज घुमतो आणि दुपारी डोळे दिपतात. अशा वेळी मी नवीन काही आणायला सांगत नाही. आधी घरातलीच जाड सतरंजी जमिनीवर अंथरायला लावते, माळ्यावरची बांबूची दुरडी खाली काढायला लावते आणि खिडकीला खादीचा साधा पडदा लावून बघायला सांगते. एवढ्यानंही बराच फरक पडतो.

आमचं पुढचं घर मातीचं आहे, मागे नवीन स्लॅबची खोली काढली. दोन्ही वेगवेगळी घरं वाटतात. काय करावं?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

दोन घरांना एक करायचं तर एखादी वस्तू उंबरठा ओलांडून पलीकडे गेली पाहिजे. सपरीत (घराच्या ओसरीत) सागवानी खांब असतील तर नव्या खोलीत फळ्या, खुंट्या किंवा खिडकीची चौकट त्याच लाकडाची, त्याच तेल लावलेल्या रंगाची ठेवा. सपरीत शहाबादी फरशी असेल तर तीच नव्या खोलीत दोन-तीन फूट आत येऊ द्या आणि मग टाइल्स सुरू करा. भिंतीचा पांढरा रंगही दोन्हीकडे एकच असू द्या, पुढे चुना असेल तर मागेही चुनाच.

देवळी तालुक्यातल्या एका घरात आम्ही तीन खणांच्या जुन्या घराला विटांची खोली जोडली. गावभट्टीची वीट होती, तिच्या कडा सरळ नव्हत्या, त्यामुळे कोरी वीट उघडी ठेवली असती तर ओबडधोबड दिसली असती. मग एका भिंतीला प्लास्टर न करता सरळ विटेवरच चुन्याचे तीन हात दिले. विटांचे सांधे चुन्याखालून दिसत राहिले. त्याच भिंतीत, जुन्या घरात जशी देवळी (भिंतीतला कोनाडा) होती, तशी साडेचार इंच खोल देवळी सोडली. बाकी तीन भिंती साध्या प्लास्टरच्या. संध्याकाळी देवळीत दिवा लावला की उजेड बाजूनं पडतो आणि एकेक वीट वेगळी दिसते. घरातल्या आजीनं पहिल्याच दिवशी तिथे कुंकवाचा करंडा नेऊन ठेवला. दोन्ही घरं एक झाली ती मला वाटतं त्या देवळीमुळे.

मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं तर टिकेल ना?

नाही. हे मी कळकळीनं सांगते, कारण आमच्या स्वतःच्या घरात हीच चूक झाली. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटचा थर ती ओल बाहेर जाऊ देत नाही. आतली माती मऊ होते, वरचा थर मात्र कडक राहतो, आणि दोघांचं फुगणं-आटणं वेगवेगळं असल्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर पोकळ वाजायला लागतं. एके दिवशी आमच्याकडे ते पाटासारखं खाली आलं. मागची माती ओली होती आणि तिच्यात उधईची (वाळवीची) घरं झाली होती. मातीच्या भिंतीला ऑइल पेंट लावला तरी हेच होतं, फरक इतकाच की तो पापुद्र्यांनी सोलतो.

मातीला मातीचंच प्लास्टर करायचं. काळी माती नको, ती वाळताना तडकते. वावरात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच भिंतीवर पडतील. पांढरी माती घ्या, त्यात गव्हाचा भुसा घाला, पूर्व विदर्भात असाल तर धानाचं तणस बारीक तोडून घाला, थोडं शेण घाला, आणि आठ-दहा दिवस पाणी टाकत, तुडवत मुरू द्या. एकदम जाड थर न देता दोन पातळ थर द्या.

वरून चुना. चुन्याची कळी पाण्यात टाकली की उकळते, म्हणून ती लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात विझवायची, लेकरं दूर ठेवायची आणि डोळे सांभाळायचे. गाळून घ्या, थोडा डिंकाचा पाक आणि मूठभर मीठ घाला म्हणजे हाताला पांढरं लागणार नाही. चिमूटभर नीळ चालते, जास्त झाली तर भिंत निळसर दिसते. आधी भिंतीवर पाणी शिंपडा, मग पातळ हात द्या. ओला चुना पारदर्शक दिसतो, म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा ओढू नका. वाळल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि पांढरा होत जातो.

एका खोलीत किती प्रकारचं सामान एकत्र करावं?

तीन-चार पुरे. त्यातलं एक मुख्य असू द्या, म्हणजे खोलीतला निम्म्याहून जास्त भाग त्याचा, बहुतेक वेळा भिंती आणि जमीन. दुसरं त्याच्या उलट पोताचं. तिसरं थोडंसं, नजर जाईल तिथे. उदाहरण द्यायचं तर चुन्याच्या भिंती, सागवानी लाकूड आणि पितळेचा एक मोठा गुंड (पाण्याचा हंडा).

मोजमापापेक्षा जोडी बघा. खडबडीत वस्तूच्या शेजारी गुळगुळीत ठेवली की दोन्ही खुलतात. दोन खडबडीत शेजारी आल्या तर नजरेत काही भरत नाही. काळ्या दगडाच्या भिंतीला टेकून सुतळीची बाज ठेवली तर बाज हरवते. तीच बाज चुन्याच्या भिंतीपुढे ठेवली तर तिची वीण उठून दिसते.

हॉलमध्ये टाइल्स बसवायच्याच आहेत. चमकणाऱ्या घ्याव्या की मॅट?

मॅट घ्या. आपल्याकडे माणूस वावरातून किंवा न्हाणीतून सरळ ओल्या पायानं आत येतो, चमकणाऱ्या टाइलवर घसरायला वेळ लागत नाही. म्हातारी माणसं असतील तर दुसरा विचारच करू नका. शिवाय मे महिन्यात दार उघडं असलं की बाहेरचं ऊन चमकत्या फरशीवरून थेट डोळ्यात येतं. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते, त्यामुळे मॅट प्रकारातही ती सहज पुसली जाते. “मॅट टाइल कळकट होते” हे लोक म्हणतात ते फार खोल खाचांच्या टाइलबद्दल खरं आहे. हलक्या पोताची घ्या आणि सांध्यांतला भराव पांढरा न घेता मातकट घ्या.

शहाबादी, कोटा, कडप्पा, ग्रॅनाइट एकाच घरात चालतात का?

चालतात, पण दोनच निवडा. जमिनीला शहाबादी किंवा कोटा आणि ओट्याला ग्रॅनाइट ही जोडी मला आवडते. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, त्यांना आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, ताक सांडून राहिलं की पांढरट डाग पडतो आणि संडास साफ करायचं अॅसिड लागलं तर पोतच जातो. ग्रॅनाइटला हा त्रास नाही. कडप्प्याचा ओटा असेलच तर तो काढू नका, आंबट लगेच पुसा एवढंच.

जुनं घर पाडतोय. कवाडं, खांब, मयाली (छताच्या तुळया) ठेवाव्या की विकून टाकाव्या?

ठेवा. गिऱ्हाईक दारात ट्रॅक्टर घेऊन उभं असलं तरी ठेवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला सागवान देशभर मागून नेतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही बल्लारशाहहून सागवान गेला. तसंच लाकूड आपल्या मयालीला साठ-सत्तर वर्षं वाळून, मुरून तयार झालेलं असतं. नवीन लाकडाला तेवढं स्थिर व्हायला तेवढीच वर्षं लागतील.

त्यावरचा हिरवा-निळा ऑइल पेंट खरवडून काढा. पेंट फार जुना असला तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नका. ओलं करून, नाकातोंडाला फडकं बांधून, लेकरांना लांब ठेवून काम करा. खाली लाकडाचे पट्टे दिसायला लागतात तेव्हा घरातली माणसं जमा होतात, हे मी दर वेळी बघते. नंतर जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं, फडक्यानं चोळा. जवस आपल्याच भागातलं पीक, घाण्याचं तेलही चालतं, फक्त वाळायला बरेच दिवस घेतं. एक सावधगिरी मात्र नक्की घ्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा.

कवाडाची जाडी जास्त असेल तर त्याचा पलंगाचा डोक्याकडचा भाग होतो. मयालीची बैठक होते. खांब नव्या खोलीत भार घेत नसला तरी स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये उभा करता येतो. त्यावरचे खिळे, कुऱ्हाडीचे घाव, दोर घासून पडलेल्या खाचा बुजवू नका.

बांबू छान दिसतो, पण त्याला भुंगा लागतो म्हणतात.

लागतोच, न मुरवलेल्या बांबूला. बांबूत पिष्ट (स्टार्च) आणि साखर असते आणि भुंगा त्यासाठी येतो. रात्री खोलीत कुरकुर ऐकू येते आणि सकाळी खाली पिवळी भुकटी पडलेली दिसते. पावसाळा संपल्यावर तोडलेला, तीन वर्षांच्या पुढचा बांबू घ्यावा. बुरड मंडळींना (बांबूचं काम करणाऱ्यांना) हे बोटानं टिचकी मारून कळतं, त्यांनाच सोबत न्या. दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणं ही जुनी रीत आहे. नवी रीत म्हणजे बोरिक अॅसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग, याचं सुमारे ५ टक्क्यांचं पाणी करून त्यात बांबू भिजवणं. गाठी आतून फोडल्या नाहीत तर पाणी आत जात नाही, हे बऱ्याच वेळा राहून जातं.

वापर कुठे करावा, तर छताखाली तट्टे, म्हणजे बांबूच्या विणलेल्या चटया. टिनाच्या छताखाली सहा इंच जागा सोडून बांबूचे तट्टे लावले की टिनाचा ताव थेट डोक्यावर येत नाही आणि वर बघितलं की छान वीण दिसते. सपरीला आडोसा म्हणून ताटीही चांगली. जमिनीत रोवू नका, उधई खाली वाट बघत असते. दगडावर टेकवा.

कूलरमुळे कपाट फुगलं. आता काय?

विदर्भात घर मांडायचं म्हणजे कूलर धरूनच मांडावं लागतं. पारा ४५ च्या वर गेला की तीन महिने तो दिवसरात्र चालतो आणि खोलीत सतत ओली हवा सोडतो. आईकडे आम्ही कूलरच्या अगदी समोर नवीन कपाट केलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात खालची पट्टी पुरीसारखी फुगली आणि सनमायका सुटला.

फुगलेलं एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) परत बसत नाही, तो भाग बदलावाच लागेल. नवीन करताना कूलरच्या झोताच्या बाजूला एमडीएफ नकोच. प्लायवूड घ्यायचं तर त्यावर आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघा, आयएस ३०३ चं साधं प्लाय तिथे टिकत नाही. कपाट जमिनीपासून चार इंच वर, दगडाच्या किंवा विटेच्या ठोकळ्यांवर असू द्या. झोताच्या वाटेत पितळ, दगड, टाइल, सागवान ठेवा. गाद्या, पुस्तकं, कापडी वस्तू दुसऱ्या बाजूला. आणि कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा, ओल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. कूलरला वाळ्याची ताटी लावली तर तिचा वासही येतो आणि खिडकीला एक रांगडा पोतही मिळतो.

कापडांचं काय? पडदे, चादरी सगळं एकाच रंगाचं, सेटमधलं घ्यावं का?

सेट घेऊ नका. रंग दोन-तीनच ठेवा, विणकाम मात्र वेगवेगळं असू द्या. जाड सतरंजी, पातळ खादी, मऊ वाकळ.

वाकळीबद्दल थोडं. जुन्या लुगड्यांचे थर घालून, धावदोऱ्यानं शिवलेली वाकळ जवळून बघा. टाके एका रांगेत असतात आणि दोन रांगांच्या मध्ये कापड जरासं फुगलेलं असतं. हात फिरवला की वावरातल्या सऱ्यांसारखं लागतं. माझ्या आजीच्या वाकळीत एका कोपऱ्यात हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे, त्याचा काठ अजून चमकतो. अशी वाकळ पेटीत ठेवून काय उपयोग? दिवाणावर टाका. फार जीर्ण असेल तर मागून खादी जोडून भिंतीवर टांगा, ऊन थेट पडणार नाही अशा जागी.

कोसा घ्यायचा तर भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव, पवनी इथे विणतात. धागा जाडाभरडा, रंग मधासारखा, आणि एकाच कापडात कुठे जाड कुठे बारीक. दोन उशांचे अभ्रे केले तरी पुरे, महागाचं कापड आहे. मागच्या बाजूला साधं सुती लावा.

पितळ, तांबं, स्टील, लोखंड एकत्र वाईट दिसतं का?

नाही. एक चमकता धातू आणि एक काळा धातू अशी जोडी ठेवा, म्हणजे पितळ आणि लोखंड. भंडाऱ्याची पितळेची भांडी आपल्याकडे घरोघर आहेत. गुंड, परात, गंज (उभं पातेलं) माळ्यावर पोत्यात न ठेवता एका फळीवर मांडा. दर आठवड्याला चिंच लावून घासायची गरज नाही. पितळ काळपट पडलं तरी छान दिसतं, फक्त स्वयंपाकाला वापरायचं भांडं कल्हई केलेलंच हवं.

भिंतीवर दगडासारखा दिसणारा वॉलपेपर लावावा का?

मी लावत नाही. हात लावला की कागद लागतो आणि आपल्या उन्हात कडा उचलतात. दगड हवा असेल तर एक फूट उंचीचा खरा दगड भिंतीच्या पायाशी लावा.

घरकुल आहे, जागा कमी. त्यात हे सगळं बसेल?

घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एवढ्या जागेत वस्तू वाढवू नका, पृष्ठभाग बदला. एक भिंत खडबडीत करा. प्लास्टर ओलं असतानाच गवंड्याला स्पंजानं किंवा हातानं गोल फिरवायला सांगा, वेगळे पैसे लागत नाहीत. जमीन घोटीव सिमेंटची ठेवली तरी हरकत नाही, गेरूची लाल पूड मिसळून घोटली तर फार सुंदर होते. दारामागे खुंट्यांची लाकडी पट्टी, एका फळीवर भांडी, खाली सतरंजी. फ्लाय अॅशच्या राखाडी विटा वापरल्या असतील तर त्यांच्या कडा सरळ असतात, आतली एखादी भिंत कोरी ठेवता येते. सांधे मात्र नीट भरून घ्या.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी असेल तर तो वर्षभर फळीवर राहू द्या. लेकरांच्या हातांनी घासून घासून त्याच्या पाठीला आलेली झळाळी कोणत्याही पॉलिशनं येत नाही.

खडबडीत भिंतीवर धूळ बसते, त्याचं काय?

बसते. रस्त्याच्या बाजूची भिंत गुळगुळीत ठेवा, आतली खडबडीत. दर पंधरा दिवसांनी मोरपिसांच्या झुपक्यानं किंवा मऊ झाडूनं वरून खाली झटका.

हे सगळं बघायला कुठे जावं?

सेवाग्रामला. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. बापू कुटीत माती, बांबू, लाकूड आणि कवेलू (छपराची कौलं) एवढंच सामान आहे. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. रंग नाही, तरी ती चित्रं सावलीवर दिसतात. सकाळी जा, ऊन तिरपं असतं तेव्हा. वर्ध्यातच मगन संग्रहालय आहे, तिथे खादी आणि ग्रामोद्योगाचं सामान हातात घेऊन बघता येतं. बांबूसाठी चंद्रपूरजवळचं चिचपल्लीचं प्रशिक्षण केंद्र.

गवंडी आणि सुतार ऐकत नाहीत. “असं कोणी करत नाही” म्हणतात. त्यांना कसं समजवावं?

मोबाइलमधला फोटो दाखवू नका. फोटोत पोत कळत नाही आणि मिस्त्रीला वाटतं आपल्याला कमी लेखलं. त्याऐवजी घराच्या मागच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा नमुना त्याच्याच हातून करून घ्या, त्या दिवसाची मजुरी वेगळी द्या. नमुना सकाळी बघा, भर दुपारी बघा, रात्री बाजूनं टॉर्च मारून बघा. त्याच्या पायाशी फरशीचा तुकडा आणि लाकडाची फळी टेकवून ठेवा. दोन दिवस जाऊ द्या. बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी मिस्त्रीच म्हणतो, “ताई, भुसा जरा बारीक घेऊ, अजून चांगलं होईल.”